मिठागराकाठची वाट

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा एक छोटा देश आहे. गोझो हे त्याचेच एक बेट. ते जेमतेम १४ किलोमीटर लांब आणि ७ किलोमीटर रुंद आहे. माझी भाची माल्टात परिचारिका आहे. एका जुलै महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, उद्या आपण गोझोला जाऊ. तिथे मिठागराकाठी एक कच्ची वाट आहे. सायकलने तीन-चार किलोमीटर हिंडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीने आम्ही गोझोला पोहोचलो. मार्सालफोर्न या किनाऱ्यावरच्या गावी जाडजूड टायरांच्या सायकली भाड्याने घेतल्या. भाचीने दोन्ही सायकलींच्या चाकांतली हवा थोडी कमी केली. खडीवर टायर घट्ट बसावा म्हणून असे करतात.

वाटेत रस्त्यांच्या पाट्या दिसल्या. प्रत्येक पाटीवर 'त्रिक' हा शब्द होता. त्रिक म्हणजे रस्ता. मला 'तरीक़' हा शब्द आठवला. मुंबईत माझ्या शेजारी उर्दू बोलणारी माणसे राहत. त्यामुळे असे शब्द माझ्या कानांना ओळखीचे होते. माल्टी भाषा अरबीतूनच वाढली आहे. फक्त ती रोमन लिपीत लिहितात. तिथे समुद्राला 'बहार', सूर्याला 'शेम्श' आणि दरीला 'विएद' म्हणतात. मुलांनो, बहर, शम्स आणि वादी हे शब्द तुम्हांला ठाऊकच आहेत. परक्या मुलुखात मला एकदम घरच्यासारखे वाटले.

श्वेनीची छोटी खाडी ओलांडली आणि डांबरी रस्ता संपला. पुढे धूळ, खडी आणि उंचसखल वाट. उजवीकडे निळा समुद्र होता. समुद्र आणि वाट यांच्यामध्ये पिवळसर खडकात कोरलेली शेकडो चौकोनी मिठागरे होती. दुरून पाहिले तर बुद्धिबळाचा पटच! उन्हाळ्यात त्यांत समुद्राचे पाणी घेतात. उन्हाने पाणी आटते आणि तळाशी मीठ उरते. ते झाडूने गोळा करून त्याचे ढीग लावतात.

ते ढीग पाहून मी सायकल थांबवली. माझे लहानपण भांडुपच्या मिठागरांजवळ गेले. तिथे मिठागराचा तळ मातीचा असे. ती माती पायांनी तुडवून तुडवून घट्ट करीत. दहा वर्षांचा असताना पतंगामागे धावताना मी अशाच एका ओल्या तळावरून पळत गेलो होतो. काम करणारे काका ओरडले, "अरे पोरा, काय केलेस हे!" मी मागे न पाहता घरी पळालो. त्यांची माफी मागायचे धैर्य मला कधीच झाले नाही.

मी पुन्हा सायकलवर बसलो. पुढे उतार लागला. "मामा, वाटेकडे बघा! मिठागराकडे नको!" भाची मागून ओरडली. सायकलचा एक नियम आहे. जिकडे नजर, तिकडे चाक. माझी नजर मिठावर होती, म्हणून चाकही तिकडेच वळले. घाबरून मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. खडीवर चाक घसरले आणि मी आडवा झालो. गुडघा खरचटला. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे माझ्या चाकाने उडालेली खडी आणि धूळ कडेच्या एका चौकोनात पडली. पांढऱ्या मिठावर मातीचे डाग दिसू लागले.

तिथे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ हातात झाडू घेऊन आमच्याकडे येऊ लागले. क्षणभर वाटले, सायकल उचलावी आणि निघून जावे. पण या वेळी मी जागचा हललो नाही. "माफ करा, याला इथे काय म्हणतात?" मी भाचीला विचारले. "स्कुझानी," ती म्हणाली. मी हात जोडून तो शब्द उच्चारला.

त्यांनी आधी माझ्या गुडघ्याकडे पाहिले, मग मिठाकडे. काही न बोलता त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "इल्मा," ते म्हणाले. इल्मा म्हणजे पाणी. पाणी पिऊन मी त्यांच्या झाडूकडे बोट दाखवले. ते हसले आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. बूट काढून मी वाकलो. मळलेले मीठ झाडून बाजूला केले आणि एकेक खडा वेचून काढला. या कामाला अर्धा तास लागला. माझी पाठ भरून आली. एवढेसे मीठ गोळा करायला किती कष्ट पडतात, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे ती वाट विएद इल् आस्री नावाच्या अरुंद दरीपाशी गेली. उंच कड्यांमधून समुद्राची एक चिंचोळी पट्टी आत शिरली होती. आम्ही काठावर बसून ती पाहिली. परत येताना त्या उतारापाशी मी सायकलवरून उतरलो आणि सायकल हाताने ढकलत चाललो. आजोबांनी दुरून हात हलवला. मीही हलवला. भांडुपचे काका आता कुठे असतील, हे मला माहीत नाही. पण त्या रात्री मला शांत झोप लागली.