डेल्फी : एका डोंगराच्या दोन गोष्टी



ग्रीसला जाणारे पुष्कळ जण अथेन्स पाहून परत फिरतात. आम्ही तिघी रिटायर्ड नर्सेस पेन्शनरांच्या तियुलबरोबर पुढे डेल्फीलाही गेलो. अथेन्सहून बसने सुमारे 180 किलोमीटर. पार्नासस डोंगर 2457 मीटर उंच, त्याच्या उतारावर ही जागा. जुने ग्रीक लोक हिला पृथ्वीची बेंबी म्हणत. म्युझियममध्ये त्या बेंबीचा संगमरवरी दगड आहे, त्यावर लोकरीच्या जाळीची नक्षी.

जगाची सुरुवात सांगणाऱ्या दोन जुन्या काव्यांतल्या गोष्टी ह्या डोंगराशी येऊन मिळतात.

पहिली ग्रीक, हेसिअड कवीची, इ.स.पूर्व 700 च्या सुमाराची. तिच्यात जग कोणी घडवत नाही, ते जन्मतं. आधी केऑस म्हणजे पोकळी, मग गाया म्हणजे पृथ्वी. गायाने आकाशाला, म्हणजे युरेनसला, जन्म दिला. त्याच्यापासून तिला मुलं झाली, पण बाप त्यांना बाहेरच येऊ देईना. ती कण्हत राहिली. बाळंतिणींच्या वॉर्डात वर्षं काढलेल्या आम्हाला हे ऐकवेना! शेवटी क्रोनस ह्या मुलाने विळ्याने बापाला खच्ची केलं. पुढे तोही आपली मुलं गिळू लागला. झ्यूसच्या वेळी आईने दुपट्यात दगड गुंडाळून दिला, त्याने तोच गिळला. नंतर ओकलेला तो दगड झ्यूसने डेल्फीत ठेवला. इ.स. दुसऱ्या शतकात पौसानियस हा प्रवासी आला, तेव्हा इथल्या एका दगडावर लोक रोज तेल ओतत, आणि तो हाच असं म्हणत.

दुसरी रोमन, ओव्हिडची, इ.स. 8 च्या सुमाराची. कथा बऱ्याचशा ग्रीकांच्याच, पण सांगणं वेगळं. इथे केऑस म्हणजे सगळ्याचा काला. कोणी एक देव, त्याचं नाव ओव्हिड सांगत नाही, आकाश, जमीन, पाणी वेगळं करतो. आम्हाला आपलं बेरेशीत आठवलं. पुढे महापूर येतो. ड्यूकेलियन आणि पिरा हे एकच जोडपं वाचतं, त्यांची होडी पार्नाससला लागते. थेमिस देवी सांगते, तुमच्या थोर आईची हाडं पाठीमागे टाका. पिरा घाबरते, आईच्या हाडांचा अपमान कसा करायचा? मग नवऱ्याला उमगतं की आई म्हणजे पृथ्वी, हाडं म्हणजे दगड. त्याने टाकलेल्या दगडांचे पुरुष झाले, तिने टाकलेल्यांच्या बाया.

हेसिअड विचारतो, गादी कोणाची? ओव्हिड विचारतो, सगळं बुडाल्यावर पुन्हा सुरुवात कशी करायची? त्याच 8 साली ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी हद्दपार केलं. रोम त्याला पुन्हा दिसलं नाही.

आमच्यातली एक म्हणाली, "पिराचं मला पटतं गं. आपल्या आया कोकणच्या मातीत, आणि आपण इस्राएलात."

दुसरी म्हणाली, "अगं, पण शेवटी टाकलेच ना तिने दगड? म्हणून तर माणसं झाली."

यावर बराच वेळ कोणीच बोललं नाही.

कोणी जाणार असाल तर बूट चांगले घाला, चढ फार आहे. आणि गुडघे दुखत असले तरी वरच्या स्टेडियमपर्यंत जाच. तिथून खालची दरी बघत बसावंसं वाटतं.