चुन्याची निवळी

शीर्षक वाचून पान-तंबाखूवरचा लेख समजू नका! आम्ही कॉन्व्हेंटवाले, ‘निवळी’ हा शब्दच मला न्यू जर्सीला मामाकडे कळला. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ आहेत. (आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. बघायचे तर मालवण गाठा.)

प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. समुद्रात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तिथे कमी पडत नाही, टाकीत मात्र पडतं. म्हणून मामा रोज रात्री चुन्याची निवळी थेंब थेंब सोडतो. अंधारात कार्बन डायऑक्साईड वाढून पाण्याचा पीएच उतरतो, आणि निवळीचा असतो १२ च्या वर.

एकदा मामा घरी नव्हता. चाचणीत कॅल्शियम कमी दिसलं, आणि मी शहाण्याने अख्खा जग ओतला. टाकीचं दूध झालं! कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून तळाशी बसले, म्हणजे दोन्ही आणखी घटले. दोन प्रवाळ गेले. मामा एवढंच म्हणाला, “केमिस्ट्रीत किती होते रे तुला?”

९१.

सिन्नरला आल्यावर आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मेल्या, चुना नखावर घेतात, तू घमेलं ओतलंस!”

होस्टेलच्या हीटरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो ना, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. या सेमला तो खरवडायचं काम मी आपणहून घेतलंय. पार्टनरला कारण सांगितलेलं नाही.