रामेश्वरभट्ट, तुमच्या नावानं

कीर्तन आटोपतं. बुक्का लावून झालेला असतो, मुलं प्रसादाच्या पातेल्याकडे सरकू लागलेली असतात आणि उभ्या उभ्याच तुकोबांची आरती सुरू होते. शेवटच्या कडव्यात तुमचं नाव येतं, रामेश्वरभट्ट. ते घेताना फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही की तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवायला लावणारे वाघोलीचे शास्त्री ते हेच.

शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ निघतो, हा तुमचा आक्षेप. आजवर लिहिलं त्याचं काय करू, असं तुकोबांनी विचारलं तेव्हा तुम्ही इंद्रायणी दाखवलीत. परंपरा सांगते, तुकोबांनी वाद घातला नाही. वह्या बांधल्या, वर दगड ठेवला, आपल्याच हातांनी डोहात सोडल्या. मग तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर. वह्या कोरड्या वर आल्या म्हणतात. आल्या असतील, किंवा लोकांच्या मुखी होतं ते पुन्हा उतरवून घेतलं असेल. ते तेरा दिवस मात्र कुठल्याच डोहातून वर आले नाहीत.

पुढे तुमच्या अंगाचा दाह होऊ लागला, तुम्ही आळंदीला जाऊन पडलात, आणि तुकोबांनी धाडलेल्या अभंगानं तो शमला. आग झाली म्हणून शरण गेला, असं लोक म्हणतात. म्हणू देत. दुखल्यावाचून वाकलेली पाठ मीही फारशी पाहिलेली नाही. तुमचं मोठेपण मला दिसतं ते त्यानंतर. पश्चात्ताप घरच्या घरी उरकता आला असता. तुम्ही आरती रचलीत, आणि तिच्यात घातलंत काय, तर अभंग तरल्याची कथा. थेट रामानं सागरात तारलेल्या पाषाणांच्या शेजारी. ज्या पाण्याचा विषय निघताच तोंड लपवावं, ते तुम्ही गावोगावच्या गळ्यात दिलंत आणि खाली स्वतःचं नाव घातलंत.

बुडवायला कोणी लावलं, एवढं तेवढं आरतीत नाही. असो.

1650 च्या फाल्गुनात तुकोबा गेले. तुम्हीही गेलात. आता विचारून उपयोग नाही, तरी चाकणच्या संताजी जगनाड्यांची रुखरुख जात नाही. तेलाचा घाणा सांभाळून ते अभंग उतरवून घ्यायचे. बोरू बोथट झाला की तासायचा, दौतीत बुडवायचा, पुन्हा पुढची ओळ. डोहात गेली त्यात त्यांचीही अक्षरं असणार. तुकोबांनी क्षमा केली, ती त्यांच्या वाट्याची. पुढे तुम्ही दोघं एकाच कीर्तनात उभे राहिला असाल, एकाच ध्रुपदाला टाळ धरला असेल. तेव्हा तेल्याच्या त्या पोराशी काही बोललात का, भट्टजी?