नाताळातला एक फसलेला खून

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे वाचन-लेखन सगळंच बंद होतं. ज्या भाचे-पुतण्यांनी 'लिहिणं सोडलंत का?' म्हणून फोन केले, त्यांना एवढंच सांगतो की डोळा उत्तम आहे आणि सोडलेलं काही नाही.

डॉक्टरांनी टीव्ही बघायची परवानगी दिली त्याच आठवड्यात, २३ डिसेंबरच्या रात्री, आम्ही दोघांनी एक जर्मन सिनेमा पाहिला. हिंदीत डब केलेला. खून, पोलीस, बर्फ आणि नाताळ असा सगळा ऐवज. नाव मुद्दामच सांगत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी हटकून तो लावाल आणि वाया गेलेल्या दोन तासांचा हिशेब माझ्याकडे मागाल.

जर्मन पोलीस म्हटलं की आम्ही दोघं सरसावून बसतो, त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'द ओल्ड फॉक्स' नावाची मालिका लागायची, आठवते का? मूळ नाव 'डेर आल्टे', तिकडे १९७७ साली सुरू झालेली. झीगफ्रीड लोविट्झ नावाचा नट त्यात इन्स्पेक्टर कोस्टरचं काम करायचा. पोक्त, थोडा तिरसट आणि धावपळ न करणारा माणूस. आपल्याकडे ती इंग्रजीत डब होऊन यायची. आमच्या आळीत तेव्हा टीव्ही मोजकेच, त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ माणसं सहज असायची. इंग्रजी कोणालाच धड कळत नसे. मी शाळेत मराठी शिकवणारा, बी.ए. मराठी माध्यमातून केलेला, पण 'मास्तर' म्हटल्यावर त्याला सगळं येतं असा लोकांचा समज! तेव्हा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. मला निम्मं कळायचं, उरलेलं मी पदरचं घालायचो. हाताखालचे पोलीस कोस्टरला 'साहेब' म्हणायचे, गुन्हेगार त्याला चिडला की 'तू' वर यायचा, आणि खून झालेल्या शेठजींची बायको 'अहो, तुम्हीच काहीतरी करा' म्हणून रडायची. एकदा तर मी चुकीच्याच माणसाला खुनी ठरवून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. कोणाची तक्रार आली नाही.

असो. तर परवाचा सिनेमा.

बव्हेरियातलं एक छोटं गाव. तिथे लेबकुखेनचा जुना कारखाना. लेबकुखेन म्हणजे मध, सुकामेवा आणि लवंग-दालचिनी घातलेला तिकडचा नाताळचा खाऊ. केक म्हणावा तर चपटा, बिस्किट म्हणावं तर मऊ. चिरंजीव दर खेपेला त्याचे पत्र्याचे डबे आणतात. खाऊ आठवड्यात संपतो, डब्यांत ही वर्षभर चकल्या ठेवते. तर या कारखान्याचा म्हातारा मालक २३ डिसेंबरच्या रात्री कोठीच्या खोलीत मेलेला सापडतो. रस्ते बर्फाने बंद. म्युनिकहून आलेली इन्स्पेक्टर बाई गावातच अडकते. समोरच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा सांगतो, 'मी खिडकीतून सांता क्लॉजला पाहिलं.'

झालं! आम्ही दोघं कामाला लागलो. सांता म्हणजे पांढरी दाढी, पोट सुटलेलं. कारखान्याचा रखवालदार हुबेहूब तसा. हिने तर पहिल्या वीस मिनिटांतच त्याला फाशी दिली. मला आपला गावच्या पाद्र्याचा संशय. आणि शेवटी खुनी निघाली कोण? कारखान्याचे हिशेब बघणारी तरणीताठी, सडपातळ, सोनेरी केसांची बाई! इन्स्पेक्टर त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, 'तू खरं तेच सांगितलंस.' अरे, काय खरं सांगितलं? ती कुठल्या अंगाने सांता दिसते? त्यात मालकाच्या मुलाचं आणि हिचं प्रेमप्रकरण होतं म्हणे. कधी? कुठे? मग ती बाई दहा मिनिटं कबुलीजबाब देते, आम्हाला न दाखवलेल्या सगळ्या गोष्टी एका दमात सांगते आणि सिनेमा संपतो. रहस्यकथा म्हणजे लेखकाने वाचकाशी केलेला करार असतो. पुरावा समोर ठेवायचा, हवा तर झाकून ठेवा, पण ठेवायचा. इथे सरळसरळ फसवणूक होती.

त्याहून राग आला तो आवाजांचा. डिसेंबर २०१५ मध्ये आम्ही न्यूरेंबर्गला चिरंजीवांकडे होतो. तिथला नाताळचा बाजार जगप्रसिद्ध, चौकात पाय ठेवायला जागा नसते. पण २४ तारखेला दुपारी तो बाजार आवरला, दुकानं बंद झाली आणि तास-दीड तासात शहर असं चिडीचूप झालं की मी हिला म्हटलं, कर्फ्यू लागला की काय! आपली कल्पना २५ ची, त्यांचा खरा सण २४ च्या संध्याकाळी, आणि तो दाराआड. शेजारच्या आजींनी बोलावलं होतं. बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज एवढंच जेवण. आम्ही अर्थात बटाट्यावर. आतल्या खोलीचं दार बंद, मुलं बाहेर ताटकळत. आत घंटी वाजली की दार उघडायचं, मग झाड आणि भेटवस्तू. माझी चार वर्षांची नात त्या दाराला कान लावून उभी होती, श्वास रोखून.

ती शांतता मला त्या सिनेमात हवी होती. अशा रात्री झालेला खून किती भयंकर वाटला असता! पण हिंदी करणाऱ्यांना शांततेचं वावडं. बर्फातून चालताना प्रत्येक पात्र 'ओह', 'उफ्', 'अरे यार' करत होतं.

दुसऱ्या दिवशी, २४ ला, आपल्या रात्री साडेनऊला फोन आला. तिकडे संध्याकाळचे पाच. मी शुभेच्छा वगैरे उरकून सिनेमाची तक्रारच सुरू केली. चिरंजीवांनी तो मूळ जर्मनमध्ये पाहिलेला निघाला. ते हसायला लागले. म्हणाले, 'बाबा, त्यात सांता नाहीच आहे. मुलगा म्हणतो, मी ख्रिस्टकिंडला पाहिलं.'

आता हे ख्रिस्टकिंड प्रकरण मला न्यूरेंबर्गमुळे ठाऊक होतं. तिकडे दक्षिणेत मुलांना भेटी आणते ती ख्रिस्टकिंड. शब्दशः बाळ येशू, पण रूप देवदूतासारखं. न्यूरेंबर्गमध्ये दर दोन वर्षांनी एका तरुण मुलीची त्यासाठी निवड होते. पांढरा-सोनेरी झगा, सोनेरी कुरळे केस, डोक्यावर मुकुट अशा थाटात ती चर्चच्या सज्जातून बाजाराचं उद्घाटन करते. म्हणजे त्या मुलाने सोनेरी केसांची, पांढऱ्या झग्यातली बाई पाहिली होती. आणि सिनेमाच्या सुरुवातीलाच ती हिशेबवाली बाई त्या वेषात गावच्या कार्यक्रमात उभी असते! हिंदीत तिला तिथे 'परी' म्हटलं होतं. एकाच शब्दाची एकदा परी आणि एकदा सांता. आमच्या नाकासमोर ठेवलेला पुरावा भाषांतरात दोन वेगळ्या वाटांनी निघून गेला होता.

आणि प्रेमप्रकरण? तेही होतं. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. ऑफिसात ती दोघं एकमेकांना कायम 'झी' म्हणतात. फक्त एकदा, जिन्यात, तिच्या तोंडून 'डू' निघून जातं. चिरंजीव म्हणाले, तिथे आम्ही सगळे दचकलो. हिंदीत ती दोघं पहिल्या प्रसंगापासून 'तुम' म्हणत होती. बहुधा इंग्रजी संवादांवरून केलं असावं. इंग्रजीत सगळेच 'यू', मग पुढच्या माणसाने आपल्या अंदाजाने ठरवायचं. सतरंजीवरच्या मंडळींना मी तेच तर करत होतो, त्यामुळे त्या अनोळखी भाषांतरकारावर फार तोंडसुख घेता येईना. त्याला तर पैसे आणि मुदत, दोन्ही कमीच मिळाले असणार.

गंमत म्हणजे याच 'तू' वरून माझी आणि नातीची जुनी कुरबुर आहे. ती आता चौदा वर्षांची. मराठी बोलते, पण जर्मन विचारांनी. घरच्या माणसांना तिकडे 'डू'च म्हणतात, आजी-आजोबांनाही. म्हणून मी 'आजोबा, तू जेवलास का?' सुरुवातीला मी दर वेळी दुरुस्त करायचो. 'जेवलात का म्हणावं, बाळ.' पस्तीस वर्षांची मास्तरकीची खोड! मग ती एकेक शब्द तोलून बोलायला लागली. मग कमी बोलायला लागली. मग सुनेने एकदा हळूच सांगितलं, 'बाबा, ती म्हणते, आजोबांना मी काय केलं? ते मला तुम्ही म्हणायला सांगतात.' 'झी' म्हणजे तिच्या लेखी पोस्टमन, शाळेतले शिक्षक, परके. मी तिला मान शिकवत होतो आणि तिला ऐकू येत होतं की लांब उभी राहा. तीनेक वर्षं झाली त्याला. दुरुस्ती मी बंद केली, पण त्याबद्दल तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

त्या रात्री फोन तिच्याकडे गेल्यावर मी विचारलं, 'तो जिन्यातला प्रसंग तुला कळला होता का गं?'

'हो, लगेच! ती त्याला तू म्हणाली ना.'

'मग तू मला म्हणतेस, ते तसंच का?'

'आजोबा, तू कायपण विचारतोस,' ती म्हणाली, आणि मागे घंटी वाजली म्हणून पळाली. चौदा वर्षांची झाली तरी घंटी लागतेच.

सिनेमाबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही. चिरंजीवही म्हणाले, 'बाबा, मूळचाही काही खास नाही हो.' तो दहा मिनिटांचा कबुलीजबाब जर्मनमध्येही दहा मिनिटांचाच आहे. फक्त फसवणुकीचा आरोप मी मागे घेतो. आणि हिने रखवालदाराची फाशी रद्द केली आहे.

येत्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा बघायचं ठरलंय. तिकडे ते मूळचा लावणार, इकडे आम्ही व्हिडिओ कॉलवर, आणि मराठीत अर्थ सांगणार नात. मी मध्ये बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद हिने दिली आहे. अडचण एवढीच की नातीच्या मराठीत इन्स्पेक्टर, पाद्री, रखवालदार सगळेच एकमेकांना 'तू' म्हणणार. म्हणजे पहिल्या मिनिटापासून गावातल्या प्रत्येकावर संशय घ्यावा लागेल. ही चकल्या तळणार आहे. डबा रिकामाच आहे.