कपाटातलं पत्र

२००१ साली पुण्यातल्या आमच्या कंपनीनं स्टॉक ऑप्शन दिले, त्याचं पत्र अजून कपाटात आहे. जाड कागद, खाली निळ्या शाईतली सही. रात्री जेवताना आईनं विचारलं, "म्हणजे पगार वाढला का रे?" चार वर्षं टिकलो तर आजच्याच भावानं शेअर घेता येतील, एवढंच मला कळलं होतं. पण इन्फोसिसनं १९९४मध्ये अशी योजना आणल्यापासूनच्या गोष्टी तिच्याही कानावर होत्या. तिनं पत्र देवापुढे ठेवलं.

२००५मध्ये पैसे भरून शेअर घेतले, तेव्हा सरकारनं काहीच मागितलं नाही. नियमात बसणाऱ्या योजनेत कर लागायचा तो विकताना. त्यातही ऑक्टोबर २००४पासून बाजारात नोंदलेला शेअर वर्षभर ठेवून विकला, तर नफा तेव्हा करमुक्त असायचा. पुढच्या वर्षी विकले आणि कोथरूडच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट केलं. चेकवरची शून्यं दोनदा मोजली होती.

ते दिवस लवकर सरले. २००७मध्ये अशा शेअरवर कंपनीकडून फ्रिंज बेनिफिट टॅक्स घेऊ लागले. २००९मध्ये तो गेला आणि कर नोकरदाराच्या पगारावर आला.

आता मुलीला अमेरिकन कंपनीचे आरएसयू, म्हणजे ठरावीक काळ टिकल्यावर पैसे न भरता मिळणारे शेअर, मिळतात. पत्र नाही, फोनवर एक ओळ येते. शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे तिच्या हक्काचे झाले, की त्या दिवसाची अख्खी किंमत पगारात धरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह ३१.२ टक्के कर. म्हणून शंभरातले बत्तीसेक शेअर तिथल्या तिथे विकून टीडीएस भरतात. यात मला गैर वाटत नाही. बाकीचे ती हवे तेव्हा विकू शकते.

भाच्याचं मात्र बघवलं नाही. तो काम करायचा त्या स्टार्टअपनंही ऑप्शन दिले होते, पण तिचे शेअर बाजारात नव्हते. नोकरी सोडली तेव्हा तीन महिन्यांत शेअर घ्या, नाहीतर हक्क गेला, अशी अट होती. त्यानं घेतले. कागदावरचं मूल्यांकन आणि त्यानं भरलेली किंमत यांतल्या फरकावर कर बसला. त्यासाठी एफडी मोडली. दीड वर्षात कंपनी बंद पडली. २०२०पासून हा कर पुढे ढकलता येतो, पण ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्येच, आणि नोकरी सोडली की तीही सवलत संपते. ज्याला गिऱ्हाईकच नाही त्या शेअरवर रोख कर मागणं हा अन्याय आहे. विकल्यावर मागा, पुरेपूर मागा.

परवा भाचा आणि मी सीएकडे गेलो. ते म्हणाले, "तोटा दाखवता आला, तरी तो भांडवली तोटा. पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही." भाच्यानं त्याच्या ऑप्शनच्या ईमेलची प्रिंट नेली होती. तिची घडी घालत तो म्हणाला, "मामा, ही तुझ्या कपाटात ठेव."