शिरूर ४१२२१०, दौंड ४१३८०१

पाकिटावर घोडनदी लिहायचं राहिलं तरी ४१२२१० लिहिलं की टपाल बिनचूक शिरूरला जातं. दौंडचा पिन कोड ४१३८०१. दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातली, तरी तिसऱ्या अंकालाच त्यांची फारकत होते. दौंडचे पहिले तीन अंक थेट सोलापूरशी जुळतात. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतात कविता करणारा हा माणूस टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होता. १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड लागू झाला.

अंक वेलणकरांच्या योजनेतून आले, पण त्यांचे अवयव कुणी ठरवले नाहीत. शिरूरच्या संख्येचं शेवटचं शून्य काढलं की ४१२२१ उरते, आणि ती मूळ संख्या आहे. खात्री करायची तर २०३च्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहावं लागतं. अगदी १९९नं भागलं तरी २८ बाकी उरतेच. दौंडची संख्या दिसायला तितकीच कठीण, पण १९नं भाग जातो आणि मग ती उलगडते: १९ गुणिले २९ गुणिले ७५१.

शिरूरच्या अंकांची बेरीज दहा, आणि दहानं त्या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्येला हर्षद हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. दौंडच्या अंकांची बेरीज सतरा. भागायला जावं तर चार उरतात.

अंकांच्या असल्या गुणांना हार्डीसारख्या मोठ्या गणितज्ञानं १९४०मध्ये गंभीर गणितात जागा दिली नाही. त्याचं म्हणणं मला समजतं. दहाऐवजी बाराच्या पायावर लिहिलं तर अंक बदलतात, हर्षदपण टिकेलच असं नाही. मूळपण मात्र कुठल्याही पायावर टिकतं. तरीही कापरेकरांची वजाबाकी करताना मी हार्डीच्या बाजूनं राहू शकत नाही. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्यांना, चारही अंक सारखे नसतील तर, ही रीत ६१७४वर आणते. कापरेकरांनी ते १९४९मध्ये दाखवलं. सहा अंकांत एकच मुक्काम नाही. बहुतेक संख्या सात संख्यांच्या एका चक्रात शिरतात.

शिरूर: ४२२११० वजा ०११२२४, म्हणजे ४१०८८६. पुढे ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१ आणि सहाव्या वजाबाकीला ८६०८३२. इथं चक्र लागलं. दौंडला वेळ लागतो. ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५ करत ती संख्या भटकते आणि अकराव्या वजाबाकीला ८५१७४२वर येते. तिथून ७५०८४३, मग ८४०८५२, आणि त्यापुढचीच ८६०८३२.