कॉन्टेसाचं काळीज

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक सोनमोहर आहे आणि त्याच्या सावलीत गेली पंचवीसेक वर्षं एक कॉन्टेसा उभी असते. उन्हाळ्यात तिच्या टपावर पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो. पहिल्या मजल्यावरचे काका सकाळी दूध आणायला उतरले की आधी हाताने त्या पाकळ्या सारतात आणि मग दुधाला जातात. मूळचा पांढरा रंग आता तांदळाच्या पेजेसारखा झालाय. पुढचे चार गोल दिवे मात्र काका दर रविवारी पुसतात. पार्किंगसाठी आखलेल्या पट्ट्यांत ती मावत नाही. मागचं चाक भिंतीला टेकवलं तरी नाक वीतभर बाहेर राहतं. शेजारी उभ्या असलेल्या नव्या गाड्या तिच्यापेक्षा उंच आहेत, अंगाने भरलेल्याही आहेत, पण गेटातून आत येणाऱ्या माणसाची नजर पहिल्यांदा तिच्यावर जाते. इतकं लांबलचक, सपाट, सरळ रेषेतलं बॉनेट आता कुठे बघायला मिळत नाही.

या बॉनेटखाली काय असेल, हा प्रश्न तिच्या नशिबी जन्मापासून आहे.

जून 2022 मध्ये बातमी आली की हिंदुस्थान मोटर्स ‘कॉन्टेसा’ हे नाव एसजी कॉर्पोरेट मोबिलिटी या कंपनीकडे सोपवते आहे. त्याआधी 2017 साली ‘अँबेसेडर’ हे नाव 80 कोटींना प्यूजोकडे गेलंच होतं. पण अँबेसेडरच्या बातमीने आमच्या जिन्यावर चर्चा झाली नव्हती. कॉन्टेसाच्या बातमीने झाली. ती परत येणार असेल तर इंजिन कुठलं? एकजण म्हणाला, सहा सिलेंडरच हवेत. दुसरा म्हणाला, हल्ली दोन लिटरचं टर्बो सहज अडीचशे हॉर्सपॉवर देतं, सहा सिलेंडर कशाला? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने सरळ सांगितलं, इंजिन नसणारच, बॅटरी असणार. काका पायरीवर बसून ऐकत होते. शेवटी एवढंच बोलले, “अरे, चौऱ्याऐंशी सालीही आम्ही हेच बोलत होतो.”

कॉन्टेसा म्हणजे इटालियन भाषेत उमराव घराण्यातली बाई. घराणं मात्र इंग्लंडचं. व्हॉक्सहॉल कंपनीने 1972 मध्ये व्हिक्टर गाडीची नवी पिढी आणली होती. तिचं उत्पादन तिकडे थांबल्यावर साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला आणले आणि 1984 साली त्यातून कॉन्टेसा बाहेर पडली. तो काळ आठवावा लागेल. रस्त्यावर दोनच चेहरे होते, अँबेसेडर आणि आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी. मारुती 800 चं वाटप नुकतंच, 1983 च्या डिसेंबरात, सुरू झालं होतं. अशा रस्त्यावर साडेचार मीटरहून लांब, रुंद खांद्यांची, मागच्या चाकांनी जोर घेणारी ही गाडी आली तेव्हा माणसं थांबून बघायची. अमेरिकन सिनेमातली मसल कार आपल्याकडे आली, असंच सगळ्यांना वाटलं. आजही तिला भारताची मसल कार म्हणतात ते या रूपामुळे.

पण मसल कार कशाला म्हणायचं, हे रूपावर ठरत नाही. 1964 मध्ये अमेरिकेत पॉन्टिअॅकच्या माणसांनी मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचं 6.4 लिटरचं आठ सिलेंडरचं इंजिन बसवलं. त्या जीटीओ नावाच्या गाडीपासून ही जात सुरू झाली असं मानतात. अंगाला लागतं त्याहून मोठं काळीज, ही त्या जातीची खूण. आपल्या कॉन्टेसाचं नेमकं उलटं झालं. अंग थोरलं आणि आत अँबेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन, जे मुळात पन्नासच्या दशकातल्या इंग्लिश गाड्यांसाठी घडवलेलं होतं. हॉर्सपॉवर 50. वजनाला जवळपास निम्मी असलेली मारुती सिग्नलला तिच्या पुढे निघून जायची. पैलवानाला तालमीत उभं करून खुराक लहान मुलाचा द्यावा तसं ते होतं. लोक तिला हसले आणि ती चूक तिची नव्हती. अँबेसेडरचं इंजिन वाईट होतं असंही मी म्हणणार नाही. त्या इंजिनाने अख्ख्या देशाला ओढलंय. ते फक्त या अंगासाठी नव्हतं.

हे मला पुस्तकात वाचून समजलं नसतं. ते समजलं भांडुपला, एलबीएस रोडच्या आतल्या एका गॅरेजमध्ये. काकांच्या गाडीचं काम तिथले मिस्त्री करतात. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक साखळीचा घोडा आणि भिंतीला लावलेलं लाकडी टेबल. त्या टेबलावर पाने आणि फाटकी बनियनं यांच्या गर्दीत दोन जुने पिस्टन शेजारी शेजारी ठेवलेले असतात. मी एकदा विचारलं तेव्हा मिस्त्रींनी दोन्ही माझ्या हातात दिले.

“हा अँबीचा, हा इसुझूचा. बघा काय कळतंय का.”

पहिला आपल्या घरातल्या फुलपात्राएवढा, 73 मिलिमीटर व्यासाचा. दुसरा त्याच्यापेक्षा करंगळीभर रुंद, 84 मिलिमीटर. करंगळीभर म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. मिस्त्रींनी दोन बोटं उभी करून वर-खाली हलवली. पहिल्याला अरुंद नळीत जवळजवळ 89 मिलिमीटर वर-खाली करावं लागतं. दुसऱ्याची वाट 82 चीच. लांब वाट आणि छोटं डोकं असलं की इंजिन दमाने चालतं, ओझं वाहतं, पण घाई केली की त्याला धाप लागते. रुंद डोकं आणि आखूड वाट असली की ते मोकळेपणाने फिरतं. शिवाय इसुझूचा कॅमशाफ्ट डोक्यावर बसवलेला, त्यामुळे व्हॉल्व्हपर्यंत निरोप पोचवायला लांब सळ्या लागत नाहीत. “हा माणूस खालून हाका मारतो,” मिस्त्री पहिला पिस्टन दाखवत म्हणाले, “आणि हा वरच राहतो.” दोन्ही पिस्टनच्या माथ्यावर काजळी होती. ती माझ्या तळहाताच्या रेषांमध्ये गेली आणि तीन दिवस निघाली नाही.

इसुझू या जपानी कंपनीचं हे इंजिन कॉन्टेसाला मिळालं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. 1817 सीसी, 88 हॉर्सपॉवर आणि सोबत पाच गिअरची पेटी. मागच्या बाजूला ‘क्लासिक’ आणि ‘1.8 जीएल’ अशी अक्षरं आली. तेव्हाही आधी अफवाच फिरल्या होत्या, काका सांगतात. जपानी इंजिन येणार, डिझेल येणार, काहीच येणार नाही. गाड्यांबद्दलचं खरं-खोटं तेव्हा पेट्रोल पंपावर, गॅरेजात आणि लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात ठरायचं. यातली पहिली अफवा खरी ठरली. पुढे डिझेलही आलं.

काकांनी त्यांची 1.8 जीएल सेकंडहँड घेतली तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्याच दिवाळीत आम्ही पाचजण तिच्यातून पुण्याला गेलो. तेव्हा जुनाच रस्ता होता, पनवेल, खोपोली आणि बोरघाट. खोपोली सोडल्यावर काकांनी काचा वर केल्या आणि एसी चालूच ठेवला. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. घाटात एसी बंद करायचा ही तेव्हाच्या प्रत्येक घराची शिस्त होती. काका काही बोलले नाहीत. तिसऱ्या गिअरवर गाडी वळणामागून वळण घेत गेली. आवाज चढला, पण किंचाळला नाही. बॉनेटचा तो लांब पांढरा पट्टा समोर कड्याच्या बाजूने फिरायचा आणि पुन्हा रस्त्यावर यायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी काकांनी वेग कमी केला, काकूंनी काच खाली करून नाणं टाकलं आणि गाडी पुन्हा उचलली तेव्हा पाठ सीटला टेकली. जोरात नाही, पण टेकली. त्या एका क्षणासाठी काकांनी ती गाडी घेतली होती, हे त्यांच्या मानेकडे मागून बघताना मला कळलं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. कॉन्टेसाला जन्म 1984 मध्ये मिळाला असेल, जीव इसुझूने घातला. दुर्दैव असं की तोवर काळ पुढे सरकला होता. नव्वदीत परदेशी गाड्यांना दारं उघडली, कमी पेट्रोल पिणाऱ्या, हलक्या, वळणावर चपळ गाड्या आल्या. हिचं पेट्रोल पाण्यासारखं जायचं. 2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. सरळ, रुंद, सहा पदरी. तिच्यासाठीच बांधल्यासारखा रस्ता तयार झाला आणि ती गेली. याची हळहळ मला आजही वाटते.

तर आता पुढची कॉन्टेसा. ती विजेवर चालेल असं म्हणणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा एकटा नाही, बहुतेकांचा अंदाज तोच आहे. जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्या अनेकांना हे रुचत नाही. मला त्यात वाईट दिसत नाही. विजेची मोटर फिरायला लागते त्या पहिल्या क्षणापासून सगळा जोर देते. जागेवरून उठताना पहिल्या कॉन्टेसाला ज्याची वाण होती, तेच हे. ज्या अंगाला 50 हॉर्सपॉवरवर दिवस काढावे लागले, त्याला पहिल्याच सेकंदाला पूर्ण ताकद मिळणार असेल तर मी टाळ्या वाजवीन. फक्त आवाजाचा खोटेपणा नको. अमेरिकेत डॉजने विजेवरची चार्जर गाडी काढली आणि तिच्यात इंजिनासारखा आवाज काढणारं यंत्र बसवलं. मागोमाग सहा सिलेंडरची पेट्रोल चार्जरही आणली आणि आठ सिलेंडरचं जुनं इंजिन परत येणार का, याचे अंदाज तिकडेही बांधले गेले. डॉज हे नाव आपल्या उपनगरांना नवं नाही. 1947 पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जायच्या. आज त्या जमिनीवर कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. मसल कारच्या देशातले सांगाडे घाटकोपरच्या शेजारी उभे राहत होते, हे तिथल्या किती रहिवाशांना ठाऊक असेल?

काकांना या अंदाजांत रस नाही असं वाटतं, पण आहे. मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, “मोटर पुढच्या चाकांना देतील की मागच्या?” मी म्हटलं, मागच्याच द्यायला हव्यात. त्यांनी मान हलवली. मग गाडी सुरू केली, चोक ओढून, दोन वेळा सोडून, तिसऱ्यांदा. ती हलकी थरथरली आणि स्थिर झाली. दर पाच वर्षांनी ते तिला आरटीओत तपासणीला नेतात, पर्यावरण कर भरतात, कागद पुढे वाढवून आणतात. 50 वर्षं पूर्ण झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, असा नियम 2021 मध्ये केंद्राने केला. पहिल्या कॉन्टेसा तिथे पोचतील 2034 मध्ये. काकांची त्यानंतर काही वर्षांनी. काकांचं वय आज 78 आहे.

नवी कॉन्टेसा ज्यांच्या हातून घडणार आहे त्यांना माझी एक विनंती आहे. चार गोल दिवे ठेवा किंवा ठेवू नका, बॉनेट थोडं आखूड झालं तरी चालेल. पण तिच्या आत काय बसवायचं हे ठरवण्याआधी एकदा भांडुपला या, मिस्त्रींच्या टेबलावरचे ते दोन पिस्टन दोन हातांत धरा आणि पहिला खाली ठेवून द्या.